रीतीची कसोटी

काशीच्या पंडितसभांविषयी पुष्कळ आख्यायिका आहेत. व्याकरण, न्याय, मीमांसा यांतील प्रश्नांवर दोन पक्ष समोरासमोर बसत, मध्यस्थ निर्णय देत आणि जिंकणाऱ्याची कीर्ती दूरदूर पसरे. गणितज्ञांचे वाद मात्र लोकांच्या स्मरणात राहिले नाहीत. ते सभेत कमी आणि ग्रंथांतून अधिक झाले. शिवाय त्यांत रस वाटण्यासाठी आकडेमोडीचा कंटाळा नसावा लागतो. तरीही सतराव्या शतकात या नगरीत झालेला असा एक वाद आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

त्या वादातील दोन्ही घराणी महाराष्ट्रातून येथे आलेली होती. गोदातीरीच्या गोलग्रामचे दिवाकर हे कोकणातील नंदिग्रामच्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. दिवाकरांचे वंशज काशीस येऊन स्थायिक झाले. त्याच कुळात कमलाकर जन्मले आणि त्यांचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ग्रंथ १६५८ साली येथेच पुरा झाला. दुसरे घराणे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. त्यातील मुनीश्वरांनी १६४६ साली ‘सिद्धान्तसार्वभौम’ रचला. ग्रहांचे स्थान काढण्याची कोणती रीत बरोबर, याविषयी या दोन घरांत तीव्र मतभेद होता. मुनीश्वरांनी ‘भंगी’ नावाची एक रीत मांडली. कमलाकरांचे बंधू रंगनाथ यांनी ती मोडून काढण्यासाठी ‘भंगीविभंगी’ लिहिली. मग तिचेही खंडन झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात अशा ज्योतिषी कुळांचे वृत्तान्त मोठ्या कष्टाने जुळवून दिले आहेत. ते वाचताना दोन बुद्धिमान घराण्यांची ही ईर्षा स्पष्ट जाणवते.

वाद मिटला नाही. कमलाकर सूर्यसिद्धान्ताला अंतिम प्रमाण मानीत. मुनीश्वरांची निष्ठा भास्कराचार्यांवर. दोघांनाही मान्य होईल असा परीक्षक नव्हता. आकाशातील ग्रहण हा एक निःपक्षपाती परीक्षक होता खरा. तथापि ग्रहण क्वचित येते, ढग आड येतात, आणि वेळ मोजण्याची साधने स्थूल असली म्हणजे दोन्ही पक्षांना आपलीच रीत जुळली असे म्हणता येते.

रीत श्रेष्ठ की कनिष्ठ हे ठरविणारा, कोणाचीही भीड न धरणारा आणि दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेला परीक्षक मिळाला तर काय होईल? शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय संगणक-ऑलिंपियाड ही अशा परीक्षकापुढे चालणारी स्पर्धा आहे. ती समजून घेताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणक भराभर चालविण्याची किंवा यंत्राचे भाग ओळखण्याची ही स्पर्धा नव्हे. मराठी शाळांत पूर्वीपासून गणिताच्या वहीत तीन शब्द येत आले आहेत: उदाहरण, रीत आणि ताळा. या स्पर्धेत उदाहरण परीक्षक देतात, रीत मुलाने शोधावयाची असते आणि ताळा यंत्र करते.

या ऑलिंपियाडची कल्पना बल्गेरियाचे गणितज्ञ ब्लागोवेस्त सेंदोव यांनी १९८७ साली पॅरिस येथे युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत मांडली. पहिली स्पर्धा मे १९८९ मध्ये बल्गेरियातील प्रावेत्स या लहानशा गावी भरली. गावाची निवड सहज झालेली नव्हती. त्या देशातील घरगुती संगणक तेथेच तयार होत आणि त्यांचे नावही प्रावेत्सच होते. तेरा देशांतून सेहेचाळीस मुले आली. आज ऐंशीहून अधिक देश भाग घेतात आणि स्पर्धकांची संख्या साडेतीनशेच्या आसपास असते.

त्या पहिल्या स्पर्धेतील प्रश्न असा होता. दहा खोकी एका ओळीत ठेवली आहेत. लगतची दोन रिकामी आहेत. उरलेल्या आठांपैकी चारांत ‘अ’ आणि चारांत ‘ब’ हे अक्षर आहे. एका खेळीत कोणत्याही दोन लगतच्या भरलेल्या खोक्यांतील अक्षरे, त्यांचा क्रम न बदलता, रिकाम्या दोहोंत हलवावयाची. सर्व ‘अ’ सर्व ‘ब’च्या डावीकडे येतील अशी स्थिती कमीत कमी खेळ्यांत आणावयाची. लहान मुलांच्या मासिकातील कोड्यासारखे हे दिसते. फरक एवढाच की येथे एक कोडे सोडवून भागत नाही. खोकी कितीही असोत आणि अक्षरे कशीही मांडलेली असोत, प्रत्येक वेळी योग्य उत्तर काढणारी आज्ञावली लिहावी लागते. एका कोड्याचे उत्तर आणि त्या जातीच्या सर्व कोड्यांची रीत यांत जे अंतर आहे, तेच या स्पर्धेचे क्षेत्र.

हे अंतर किती मोठे आहे हे पाहण्यासाठी १९९४ साली स्वीडनमधील हानिंगे येथे विचारलेला त्रिकोणाचा प्रश्न घ्यावा. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी आकडे उतरवून घ्यावेत.

७
३ ८
८ १ ०
२ ७ ४ ४
४ ५ २ ६ ५

शिखरावरील सातापासून निघून तळाच्या ओळीपर्यंत जावयाचे. प्रत्येक पायरीवर खाली डावीकडच्या किंवा खाली उजवीकडच्या आकड्यावर उतरता येते. म्हणजे ओळीतील पहिल्या आकड्यावरून खालच्या ओळीतील पहिल्या किंवा दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर, याप्रमाणे. वाटेतील आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त किती होईल?

बहुतेक माणसे प्रथम लोभाची वाट धरतात. प्रत्येक पायरीवर समोरच्या दोहोंतील मोठा आकडा उचलावयाचा: सात, मग आठ, मग एक, मग सात, मग पाच. बेरीज अठ्ठावीस. हे उत्तर चूक आहे. सातावरून तीनावर उतरण्याचा तोटा पत्करला तर पुढे आठ, सात आणि पाच मिळतात आणि बेरीज तीस होते.

दुसरी माणसे सावध असतात. ती सर्व वाटा मोजू म्हणतात. पाच ओळींच्या त्रिकोणात वाटा सोळाच आहेत, तेव्हा हे शक्य आहे. परंतु मूळ प्रश्नात ओळी शंभरपर्यंत असू शकतात. प्रत्येक नव्या ओळीबरोबर वाटा दुप्पट होतात, आणि शंभर ओळींत त्यांची संख्या तीस अंकी होते. सेकंदाला शंभर कोटी वाटा तपासणारे यंत्र घेतले तरी त्याला सुमारे वीस लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय चौदाशे कोटी वर्षांच्या आत आहे. यंत्राचा वेग दहापट केला, शंभरपट केला, तरी अशा संख्येपुढे त्याला अर्थ नाही.

आता तिसरी रीत. त्रिकोणाकडे वरून न पाहता खालून पाहावे. चौथ्या ओळीतील पहिला आकडा दोन आहे. त्याच्यावर कोणी कसेही येऊन उभे राहिले तरी पुढे चार किंवा पाच यांतून निवड करावयाची, आणि शहाणा मनुष्य पाच घेणार. म्हणून दोनाच्या जागी सात लिहून टाकावे. पुढील सातासाठी पाच आणि दोन यांतून पाच घेऊन बारा लिहावे. त्यापुढच्या चारासाठी सहा घेऊन दहा, शेवटच्या चारासाठीही सहा घेऊन दहा. आता तळाची ओळ पुसून टाकली तरी चालते. तिचे काम संपले. त्रिकोण चार ओळींचा झाला. तसेच तिसऱ्या ओळीत वीस, तेरा, दहा. दुसरीत तेवीस आणि एकवीस. आणि शिखरावर सात अधिक तेवीस, म्हणजे तीस. शंभर ओळींच्या त्रिकोणातही या रीतीने अवघ्या ४,९५० बेरजा कराव्या लागतात. पेन्सिल घेऊन बसलेला चिकाटीचा विद्यार्थी ते काम काही दिवसांत करील. संगणकाला तर क्षणही पुरेसा होतो.

ज्या मुलाला ही खालून वर येण्याची युक्ती सुचली त्याच्याजवळ साधे जुने यंत्र असले तरी ते जगातील सर्वांत वेगवान यंत्राला हरवील. जाणत्यांच्या परिभाषेत या जातीच्या रीतीला ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. नावाचा धाक घेण्याचे कारण नाही. केलेले काम टिपून ठेवावे आणि तेच पुन्हा करू नये, एवढेच तिचे मर्म आहे.

स्पर्धेचे नियम थोडक्यात सांगता येतील. प्रत्येक देशातून जास्तीत जास्त चार स्पर्धक येतात. त्यांनी महाविद्यालयीन शिक्षणास आरंभ केलेला नसावा आणि त्या वर्षाच्या १ जुलै रोजी त्यांचे वय वीसहून अधिक नसावे. स्पर्धेचे दोन दिवस असतात. प्रत्येक दिवशी पाच तास आणि तीन प्रश्न. संघ देशाच्या नावाने येत असला तरी झुंज ज्याची त्यालाच द्यावी लागते. एकंदर स्पर्धकांपैकी सुमारे निम्म्यांना पदके मिळतात. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य यांचे प्रमाण एकास दोनास तीन असे असते. बेलारूसचे गेन्नादी कोरोत्केविच हे २००६ साली वयाच्या अकराव्या वर्षी या स्पर्धेत उतरले आणि त्यांनी रौप्यपदक मिळविले. त्यानंतर २००७ ते २०१२ अशी सलग सहा वर्षे ते सुवर्णपदक घेऊन गेले. असे उदाहरण अपवादात्मकच; त्यावरून सर्वसामान्य स्पर्धकाची कल्पना करू नये.

आरंभीच्या वर्षांत परीक्षक स्पर्धकाच्या शेजारी बसून त्याची आज्ञावली चालवून पाहत. पुढे हे काम यंत्राकडे आले आणि स्पर्धेचे स्वरूपच पालटले. प्रत्येक प्रश्नासाठी परीक्षक आधीच अनेक उदाहरणे तयार करून ठेवतात. काही लहान, काही अवाढव्य, काही मुद्दाम आडवळणाची: सर्व आकडे सारखे असलेली, एकच ओळ असलेली, लोभाच्या वाटेला हमखास फसविणारी. स्पर्धकाला ही उदाहरणे दिसत नाहीत. त्याने दिलेली आज्ञावली प्रत्येक उदाहरणावर चालविली जाते आणि तिला ठराविक वेळ मिळतो, बहुधा एक-दोन सेकंद. उत्तर चुकले अथवा वेळ उलटला, की त्या भागाचे गुण गेले. अलीकडे प्रश्नाचे पोटभाग पाडतात. त्रिकोणाचा प्रश्न आज विचारला तर वीस ओळींपर्यंतच चालणाऱ्या, सर्व वाटा मोजणाऱ्या भाबड्या रीतीलाही थोडे गुण मिळतील. ही व्यवस्था न्याय्य आहे. ज्याला पूर्ण रीत सुचली नाही पण प्रश्न नीट समजला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे योग्य नव्हे.

कमलाकर आणि मुनीश्वर यांना जो परीक्षक मिळाला नाही तो हाच. त्याला घराणे ठाऊक नाही, गुरू ठाऊक नाही, देश ठाऊक नाही. तो जणू मागेल त्या क्षणी ग्रहण घडवून आणतो.

परंतु या परीक्षकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. यंत्र उत्तर पाहते, कारण पाहत नाही. आज्ञावली सर्व गुप्त उदाहरणांतून पार पडली, तर ती का बरोबर आहे हे स्पर्धकाला ठाऊक असो वा नसो, गुण पूर्ण मिळतात. शेकडो उदाहरणे जुळली म्हणून रीत सिद्ध होत नाही. गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये असे चालत नाही. ती ऑलिंपियाड १९९६ साली मुंबईत भरली होती. भारतात तिच्या तयारीचे काम मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून पाहिले जाते. तेथे विद्यार्थ्याला सिद्धता लिहून द्यावी लागते आणि माणसे ती ओळ न् ओळ वाचतात. संगणकाच्या स्पर्धेत सिद्धता मनातल्या मनात राहते, किंवा राहतही नाही.

येथे पुन्हा गणेश दैवज्ञांकडे वळणे सोयीचे होईल. त्यांचा जन्म १५०७ सालचा आणि त्यांचे ‘ग्रहलाघव’ १५२० सालचे. ग्रंथ रचला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. पूर्वीच्या ग्रंथांत कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजीत. गणेशांच्या काळी ती संख्या सोळा लाखांच्या वर गेली होती, आणि पंचांग करणाऱ्याला दर वेळी तिच्याशी झुंजावे लागे. गणेशांनी काळाचे अकरा-अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे चक्र पाडले. सोळा लाखांचे काम चार हजारांवर आले. ज्या आणि चाप यांची कोष्टके टाळून त्यांनी त्यांच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराच्या रीती दिल्या. अचूकता थोडी सोडली, श्रम पुष्कळ वाचविले, आणि व्यवहाराला पुरेल इतके उत्तर हाती ठेवले. आजचा ऑलिंपियाडचा विद्यार्थी दोन सेकंदांच्या मुदतीत हाच सौदा करीत असतो. ‘ग्रहलाघव’ महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांच्या हाती शतकानुशतके राहिले याचे रहस्य त्यातच आहे.

तथापि गणेशांनी रीती दिल्या, त्यांची कारणे दिली नाहीत. ते काम पुढील पिढीने केले. दिवाकरांचे पुत्र मल्लारी यांनी ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहून प्रत्येक रीतीची उपपत्ती दिली, त्यांचे बंधू विश्वनाथ यांनी उदाहरणे सोडवून दाखविली. रीत शोधणारा, तिचे कारण सांगणारा आणि ती उदाहरणाने शिकविणारा अशी तीन निरनिराळी माणसे त्या एका रीतीमागे उभी राहिली. ऑलिंपियाड यांपैकी पहिल्याचीच परीक्षा घेते. उरलेल्या दोघांचे काम शिक्षकाचे आहे. ते झाले नाही, तर मूल युक्त्यांचा साठा करीत राहते, आणि नवा प्रश्न जुन्या युक्तीत बसला नाही की थबकते. केवळ सराव करवून घेणाऱ्या शिकवण्यांविषयी हीच खरी तक्रार आहे.

भारताच्या सहभागाची हकीकत यापुढची. भारत या स्पर्धेत २००२ सालापासून उतरू लागला. त्या वर्षी ती दक्षिण कोरियातील योंगइन येथे होती. संघाची निवड ‘इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कॉम्प्युटिंग सायन्स’ ही संगणकशास्त्रज्ञांची संस्था करीत आली आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापकांचा, विशेषतः माधवन मुकुंद यांचा, त्यात मोठा वाटा आहे. निवड पायरीपायरीने होते: प्रथम विभागीय परीक्षा, मग राष्ट्रीय परीक्षा, मग निवडक मुलांचे प्रशिक्षण-शिबिर आणि शेवटी चौघांचा संघ.

यातील विभागीय पायरीची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. तिच्या दोन शाखा ठेवण्यात आल्या. एक संगणकावरची, ज्यांना आज्ञावली लिहिता येते त्यांच्यासाठी. दुसरी केवळ कागद-पेन्सिलीची. तीत संगणकाचे नावही नसे. चार प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाची तीन उदाहरणे, हाताने सोडविण्यासाठी.

उदाहरणादाखल त्या धर्तीचा एक प्रश्न या नगरीला शोभेल असा रचता येईल. नदीकाठी घाटांची ओळ आहे. प्रत्येक घाटावर नावाड्याला मिळणारे भाडे ठरलेले आहे. परंतु लगतच्या दोन घाटांवर नाव लावण्यास मनाई आहे. जास्तीत जास्त किती भाडे मिळेल? भाडी पाच, सहा आणि पाच अशी असतील, तर सहाचा लोभ धरणारा नावाडी सहाच रुपये घेऊन घरी जातो. मधला घाट सोडणारा दहा मिळवितो. पहिल्या उदाहरणात सहा घाट असावेत, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पंधरा. सहा घाटांचे उत्तर कोणीही चाचपडत काढील. पंधरा घाटांसाठी निवडीचे १,५९७ प्रकार होतात, एकही घाट न निवडणे धरून. परीक्षेच्या वेळात ते कोणी लिहून काढू शकत नाही. ज्याचे तिसरे उत्तर बरोबर येते त्याला रीत सापडलेली असते, मग त्याने संगणकाला कधी हात लावलेला असो वा नसो. मूल्यमापनाचे काम इतक्या कमी खर्चात इतके नेमके करणारी योजना आपल्या शिक्षणव्यवस्थेत विरळाच.

ज्यांनी ही शाखा योजिली त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. या देशात असंख्य शाळा अशा होत्या की जेथे संगणक नव्हता, किंवा होता तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात होता. तेथील मुलाला ‘तुला आज्ञावली लिहिता येते का’ असे विचारणे म्हणजे त्याच्या घरची आणि शाळेची सांपत्तिक स्थिती विचारणे होय. ‘घाट कोणते निवडशील’ असे विचारणे म्हणजे त्याची बुद्धी विचारणे.

मात्र हे दार ओलांडल्यावर पुढे जिना आहे, आणि तो चढण्यास यंत्र लागते. राष्ट्रीय परीक्षा संगणकावरच द्यावी लागते. पेन्सिलीने उत्तीर्ण झालेल्या मुलाला अवघ्या काही आठवड्यांत सी प्लस प्लस ही भाषा शिकून तीत विचार करावा लागतो. महानगरातील मुलाला घरी यंत्र, शाळेत शिक्षक आणि आधीच्या वर्षी उत्तीर्ण झालेला एखादा सोबती मिळतो. लहान गावातील मुलाला यांपैकी एकही मिळेल याची शाश्वती नाही. आंतरजालावर सरावाचे प्रश्न मोफत मिळतात. २००९ साली भारतातच सुरू झालेले ‘कोडशेफ’ त्यांपैकी एक. त्याचा उपयोग निश्चित आहे. परंतु कोणता प्रश्न आधी सोडवावा आणि चुकले ते का चुकले, हे सांगणारे माणूस त्यातून निर्माण होत नाही.

दुसरी अडचण अकरावी-बारावीच्या वयाची. याच दोन वर्षांत अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचे ओझे असते, आणि पालकांचा हिशेब सरळ असतो: जे गुण प्रवेशाच्या यादीत धरले जात नाहीत त्यांसाठी वेळ का द्यावा? ऑलिंपियाडमधील यशाची प्रवेशासाठी दखल घेणाऱ्या संस्था आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची आयआयआयटी ही त्यांतील ठळक नावे. त्यांची संख्या मात्र अल्प आहे. परिणामी पुष्कळ मुले जिन्याच्या पहिल्याच पायरीवरून परततात, आणि परततात ती अपयशामुळे नव्हे. मुलींची संख्या तर जगभरच फार थोडी असते. त्यांच्यासाठी २०२१ साली स्वित्झर्लंडमधून युरोपीय मुलींची स्वतंत्र ऑलिंपियाड सुरू करावी लागली, यावरून स्थितीची कल्पना येते.

अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जातो. २०२५ साली ओपन-एआय या अमेरिकी कंपनीने असे जाहीर केले की तिच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने त्या वर्षीच्या ऑलिंपियाडचे प्रश्न सोडवून सुवर्णपदकाच्या दर्जाचे गुण मिळविले. तर मग मुलांनी हे कष्ट का करावेत? या प्रश्नात एक गृहीत लपलेले आहे. ते असे की स्पर्धा उत्तरांसाठी होती. त्रिकोणाचे उत्तर तीस आहे हे १९९४ साली हानिंगेच्या परीक्षकांना आधीच ठाऊक होते. त्या उत्तराची जगात कोणालाही गरज नव्हती. मोटार धावू लागली म्हणून तालमी बंद झाल्या नाहीत. उलट, यंत्राने लिहून दिलेली रीत खरी की खोटी हे पारखणारा माणूस आता अधिक हवा आहे. आणि पारख करणे म्हणजे मल्लारींचे काम, उपपत्तीचे काम.

स्पर्धेच्या आदल्या रात्रीची प्रथा सांगितली म्हणजे हा विषय पुरा होतो. प्रश्न परीक्षक-मंडळात इंग्रजीत मान्य होतात. मग निरनिराळ्या देशांचे संघप्रमुख रात्री उशिरापर्यंत बसून आपापल्या मुलांसाठी त्यांचे भाषांतर करतात: बल्गेरियन, जपानी, फारसी, स्पॅनिश, तुर्की. मुलांशी त्या काळात त्यांना बोलता येत नाही. सकाळी प्रत्येक मुलाच्या मेजावर त्याच्या भाषेतील कागद असतो, कारण प्रश्न समजण्यात भाषेची अडचण येऊ नये हे सर्व देशांनी मान्य केले आहे. भारताचा संघ इंग्रजी कागद वाचतो. शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या चौघांना त्याची अडचण नसतेच. अडचण असते ती पहिल्या पायरीवर, जेथे घाटांचा प्रश्न एखाद्या जिल्ह्याच्या गावातील मुलापुढे ठेवावयाचा असतो. वर त्रिकोणाचा प्रश्न मराठीत मांडण्यास पाच ओळींचे आकडे आणि मोजकी वाक्ये पुरली. त्यांत बेरजेपलीकडचे गणित आले नाही आणि शाळकरी मुलाला अडेल असा शब्दही आला नाही.